ड्रायसूटची चेन पाठीवर की छातीवर? सूट किती टिकेल ते इथेच ठरतं

आइसलँडच्या सहलीचे फोटो हल्ली मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही येतात. त्यात एक फोटो हमखास असतो: काळ्या, फुगीर पोशाखातली माणसं सिल्फ्रा नावाच्या भेगेतल्या काचेसारख्या पाण्यात तरंगताहेत. ही भेग थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यानात आहे, उत्तर अमेरिका आणि युरेशिया या दोन भूपट्टांच्या मधोमध. तिथलं पाणी बाराही महिने २ ते ४ अंश सेल्सिअस असतं. इतक्या गार पाण्यात आत कोरडं ठेवणारा पोशाख लागतो, त्याला ड्रायसूट म्हणतात.

मालवण-तारकर्लीच्या कोमट पाण्यात डायव्हिंग केलेल्यांना हा प्रकार सहसा बघायलाही मिळत नाही. त्यामुळे पहिल्यांदा भाड्याने घेताना किंवा इंग्लंड-नॉर्वेत राहणारे काही जण स्वतःचा विकत घेताना गोंधळतात. कुणाची चेन पाठीवर आडवी असते, कुणाची छातीवरून तिरकी. दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरंच. लाख-दोन लाखांच्या घरात जाणारा सूट कापड धडधाकट असताना फक्त चेनपायी दुरुस्तीला जातो, हेही ऐकायला येतं. यामागचं कारण एकदा समजलं की सूट निवडणं आणि सांभाळणं, दोन्ही सोपं होतं.

ड्रायसूट कोरडा राहतो कसा

वेटसूट या डायव्हिंगच्या नेहमीच्या रबरी पोशाखात पाणी आत येतं आणि अंगाला लागून थोडं गरम होतं. ड्रायसूटमध्ये ते येऊच द्यायचं नसतं. मानेला आणि मनगटांना रबराची घट्ट पट्टी असते, तिला सील म्हणतात. पायांना बूट किंवा मोजे जोडूनच असतात. आत लोकरीसारखा जाड पोशाख घालतात, त्यात अडकलेली हवा ऊब देते. छातीवरच्या झडपेतून सिलिंडरमधली हवा आत घेता येते, दंडावरच्या झडपेतून बाहेर सोडता येते.

हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं. म्हणून आत पेलाभर पाणी शिरलं तरी तो भाग गारठतो आणि ओल्या पोशाखातली ऊब जाते.

आता अडचण अशी की इतक्या बंद पोशाखात माणसाला शिरायचं कसं? खांदे आत जातील एवढं मोठं तोंड कुठेतरी ठेवावंच लागतं, आणि ते हवासुद्धा जाणार नाही असं मिटवावं लागतं. ते काम चेन करते. कापड वाकतं, ताणतं, जिथे घडी पडेल तिथे पडू देतं. चेन त्या मऊ पोशाखात बसवलेली एक ताठ पट्टी आहे. सगळी भानगड या ताठपणातून सुरू होते.

दप्तराच्या चेनपेक्षा हिचं काम वेगळं

दप्तराच्या चेनमध्ये दात एकमेकांत अडकले की काम झालं. मधून पाणी गेलं तरी चालतं. ड्रायसूटच्या धातूच्या चेनमध्ये दात पाणी अडवतच नाहीत. दातांच्या दोन्ही बाजूंना रबर चढवलेली पट्टी असते, तिच्या कडा ओठांसारख्या समोरासमोर येतात. दात फक्त ते ओठ एकमेकांवर दाबून धरतात. पाणी अडतं ते ओठ मिटल्यामुळे. प्लास्टिकच्या चेनमध्ये रबराऐवजी पॉलियुरेथेनचा लेप असतो, पण तत्त्व तेच.

यातून एक गोष्ट निघते. एक दात वाकडा झाला तर दप्तराची चेन थोडी अडखळते आणि पुढे जाते. इथे त्या दाताजवळचा दाब सुटतो, ओठांत केसाएवढी फट राहते आणि तेवढी पुरते. चेन वरून मिटलेली दिसते, रनर सरळ जातो, तरी आत पाणी येत राहतं.

चेन खराब होते ती वाकून

लोखंडी तार हाताने तोडायची असेल तर आपण ती ओढत नाही. एकाच जागी मागे-पुढे वाकवतो, आणि पाच-दहा वेळा वाकवली की ती तुटते. चेनचंही असंच होतं. एकाच जागी रोज थोडी थोडी वाकली की तिथलं रबर चिरतं, दातांचे पाय ढिले होतात.

किती वाकलेलं चालतं याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. कुठलीही पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते. तो ताण साधारण पट्टीची जाडी भागिले गोलाईच्या त्रिज्येची दुप्पट एवढा येतो. चेन ६ मिलिमीटर जाड धरू. ती ६ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलावर, म्हणजे स्वयंपाकघरातल्या मोठ्या डब्यावर गुंडाळली, तर बाहेरची बाजू ५ टक्के ताणली जाते. रबर तेवढं सहज सोसतं. तीच चेन साडीसारखी घडी घालून दाबली आणि त्रिज्या ६ मिलिमीटरवर आली, तर ताण ५० टक्के होतो. धातूचे दात ताणले जात नाहीत, त्यामुळे तो सगळा ताण दोन दातांमधल्या रबरावर येतो. चीर तिथेच पडते.

दुसरा शत्रू म्हणजे लावताना पडणारी आडवी ओढ. सूट अंगावर घट्ट असेल आणि चेनच्या दोन कडा लांब असतील, तर त्यांना जवळ आणण्याचं सगळं ओझं रनरजवळच्या एक-दोन दातांवर येतं. घामाघूम होऊन जोर लावला की ते दात आपल्या जागेवरून हलतात.

तिसरी गोष्ट वाळू, मीठ आणि घर्षण. यात जागेचा वाटा कमी आणि निगेचा जास्त, म्हणून तिच्याकडे नंतर येऊ.

पाठीवरची आडवी चेन

ही एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, पाठीच्या वरच्या भागात असते. आधी पाय, मग हात, शेवटी डोकं घालून सूट चढवायचा आणि मागून दुसऱ्याने चेन लावायची. भाड्याच्या सूटमध्ये आणि बचाव पथकांच्या सूटमध्ये हीच रचना खूप दिसते, कारण तिथे चेन लावायला सरावाचा माणूस हजर असतो.

टिकण्याच्या दृष्टीने हिचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती कमरेच्या घडीपासून लांब आहे. बसलं, वाकलं, पायात फिन्स (पोहायचे रबरी पंख) घातले, तरी खांद्यांमधली पाठ फारशी दुमडत नाही. समोरच्या हुकांचं आणि पट्ट्यांचं घर्षणही तिला लागत नाही.

पण हात हलले की तिला त्रास होतो. दोन्ही हात पुढे घेऊन स्वतःला मिठी मारून बघा: खांद्यांमधली पाठ चांगली रुंद झाल्याचं जाणवतं. कापड ताणून जागा देतं, चेन देत नाही. ती ओढ चेनच्या दोन टोकांशी जाऊन थांबते. कुर्त्याच्या बाजूच्या कटाला वरच्या टोकाशी शिंपी दोन टाके जास्त घालतो, कारण फाटायला सुरुवात तिथूनच होते. पाठीवरच्या चेनचं तसंच आहे. ती मध्ये शाबूत असते आणि टोकाशी, जिथे ताठ पट्टी संपून मऊ कापड सुरू होतं, तिथला चिकटवलेला जोड उकलतो.

आता हात डोक्याच्या वर न्या. सिलिंडरची मागची तोटी गाठायला डायव्हर असंच करतात. पाठ अरुंद होते, चेनची दोन टोकं एकमेकांकडे ढकलली जातात आणि ताठ चेन मध्येच कमानीसारखी उचलली जाते. प्रत्येक वेळी ती त्याच जागी उचलली जाते, आणि सिलिंडर पाठीला धरणाऱ्या हार्नेसच्या खांद्याच्या पट्ट्या वरून दाबत असतील तर कमान त्या पट्ट्यांच्या कडेला पडते. जुना पाठचेनचा सूट बघायला मिळाला तर पट्टा जिथे चेनला ओलांडतो त्या दोन जागा भिंगाने पाहा. रबरावरच्या बारीक आडव्या रेघा बहुधा तिथेच दिसतील.

शिवाय ही चेन स्वतःला दिसत नाही. लावणारा बुटका असेल तर तो खाली ओढतो, घाईत असेल तर स्वतःकडे ओढतो. आतल्या पोशाखाची किनार दातांत आली तरी घालणाऱ्याला कळत नाही. जागा चांगली, पण निष्काळजी हातात पडली तर हीच चेन लवकर जाते.

छातीवरून तिरकी चेन

ही साधारण डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत जाते. लांबी पाठीच्या चेनपेक्षा जास्त असते, बहुतेकदा मीटरभराच्या आसपास. हिचा मोठा फायदा म्हणजे कुणाची मदत न घेता सूट घालता येतो. चेन डोळ्यांसमोर असते, त्यामुळे दोरा अडकला तर दिसतो आणि शेवटपर्यंत मिटली की नाही ते बोट फिरवून पाहता येतं.

समोरून खांदे आत घालायला धडाची लांबी जास्त लागते. म्हणून अशा कित्येक सूटमध्ये कमरेशी जादा कापड असतं. ते चेन लावल्यावर घडी करून खाली ओढतात आणि दोन पायांमधून घेतलेल्या पट्ट्याने धरून ठेवतात.

आता ती चेन अंगावरून कुठून जाते ते बघा. खांद्याची गोलाई, मग छाती, मग पोट, शेवटी कमर. नावेच्या कडेला बसून फिन्स घालायला वाकलं की पोटावर आडवी घडी पडते आणि तिरकी चेन बरोबर त्या घडीतून जाते. घडी आडवी, चेन तिरकी, त्यामुळे ती नुसती वाकत नाही, पिळलीही जाते. पिळल्यावर एका बाजूचे दात पुढे आणि दुसऱ्या बाजूचे मागे सरकू पाहतात, ओठांवरचा दाब असमान होतो. या चेनची तक्रार सहसा नाभीच्या आसपास किंवा कमरेकडच्या टोकाशी सुरू होते. त्यातच कमरेचा पट्टा, त्याचं बक्कल आणि धातूच्या कड्या याच भागात घासतात.

म्हणून तिरक्या जागेला लवचीक चेन लागते. धातूच्या जाड चेनने समोर एक दांडा बांधल्यासारखं वाटतं. हलकी, जास्त वाकणारी प्लास्टिकची चेन आल्यावर ही रचना घालणाऱ्यांना सोयीची झाली.

दोन पायांमधून जाणारी चेन आणि चंद्रावरचा सूट

स्वीडनच्या पोसायडन कंपनीचा युनिसूट हा निओप्रीन या फेसाळ रबराच्या ड्रायसूटमधला जुना आणि नावाजलेला सूट. त्याची चेन पाठीवरून खाली, दोन पायांमधून, पुढे छातीपर्यंत येत असे. तोंड प्रशस्त, पण चेन इंग्रजी यू अक्षरासारखी वाकलेली. चालताना मांड्यांचं घर्षण आणि बसताना पूर्ण वजन तिच्यावर येतं. वाकण्याच्या दृष्टीने यापेक्षा अवघड जागा शोधून सापडणार नाही.

अगदी हीच अडचण अवकाशवीरांच्या पोशाखात आली होती. अपोलोच्या सुरुवातीच्या चांद्रमोहिमांतल्या ए७एल सूटमध्ये हवाबंद चेन पाठीवरून खाली दोन पायांमधून जायची. १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर चार चाकी गाडी चंद्रावर गेली. तीत बसायचं तर कमरेत वाकायला हवं, आणि चेन होती त्या जागी असताना कमरेला वाकणारा सांधा बसवता येईना. म्हणून ए७एलबी या नव्या सूटमध्ये चेन उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेकडे तिरकी नेली आणि कमरेचा सांधा मोकळा केला. आधी शरीर कुठे वाकणार ते ठरवायचं आणि चेनला त्या जागेतून बाहेर काढायचं, हा विचार ड्रायसूट शिवणाऱ्यालाही करावाच लागतो.

खोल गेल्यावर पाण्याच्या दाबाने चेन फुटत नाही का?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात येतो. उत्तर नाही असं आहे. ३० मीटर खाली बाहेरचा दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो हे खरं. पण डायव्हर उतरताना सूटमध्ये हवा भरत जातो, त्यामुळे आतला दाबही जवळपास तेवढाच होतो. चेनच्या दोन बाजूंमधला फरक फक्त सूटच्या वरच्या आणि खालच्या भागातल्या पाण्याच्या उंचीएवढा राहतो. आडवं पोहताना धडाची जाडी २५-३० सेंटिमीटर, म्हणजे फरक सुमारे ०.०३ बार (पृष्ठभागावरचा हवेचा दाब साधारण १ बार). उभं राहिलं तरी दीड मीटरला ०.१५ बार. चांगल्या चेनला हे काहीच नाही.

हा छोटा फरक एका कामाला मात्र येतो. आडवं पोहताना सूटमधली हवा वर, पाठीकडे जमते आणि तिथे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त असतो. म्हणून पाठीची चेन गळकी असेल तर आधी बुडबुडे बाहेर जातात, अंग कोरडंच राहतं. छातीकडे उलटं: बाहेरचा दाब किंचित जास्त, म्हणून तेवढ्याच फटीतून पाणी आत येतं. पाठचेनवाल्याला त्याचा जोडीदार बुडबुडे दिसताहेत म्हणून सांगतो, छातीचेनवाल्याला पोट ओलं झाल्यावर कळतं. तेव्हा पाठीची चेन कोरडी ठेवते यावर विसंबून तिला तपासायचं सोडू नये. डायव्हर पाण्यात उभा झाला किंवा पाठीवर उलटला की पाणी त्याच फटीतून आत येऊ शकतं.

भारीतली चेन लावली तर जागेचा प्रश्न मिटतो का?

थोडा कमी होतो, मिटत नाही. धातूची चेन वजनदार आणि दणकट, सरळ जागी वर्षानुवर्षं काम देते, पण एकदा तीव्र घडी पडली की पूर्ववत होत नाही. प्लास्टिकची चेन जास्त वाकते, गंजत नाही, पण तिचे दात नाजूक असतात. वाळूचा कण किंवा धागा अडकलेला असताना रनर जोराने ओढला तर दात निसटतो, आणि निसटलेला दात परत बसवता येत नाही. तेव्हा पूर्ण चेन बदलावी लागते.

चेन अडकली की घरात आपण मेणबत्ती घासतो. धातूच्या चेनला ही सवय बरोबर लागू पडते: चेन मिटवून बाहेरच्या दातांवर मेण घासायचं, ओठांवर लागू द्यायचं नाही. प्लास्टिकच्या चेनला मेण चालत नाही. तिच्यासोबत येणारं ग्रीस बंद टोकाच्या खोबणीत, जिथे रनर शेवटी जाऊन बसतो तिथे, मुगाएवढं लावायचं. त्या खोबणीतच तिची शेवटची फट मिटते.

सिलिकॉनचा स्प्रे मात्र सूटच्या जवळपास फवारू नका. रनर गुळगुळीत चालतो, पण तो थर पट्टीत आणि कापडात मुरतो. पुढे चेन बदलायची वेळ आली की गोंद तिथे धरत नाही. दुरुस्ती करणाऱ्याचा निम्मा वेळ ते काढण्यात जातो, आणि तरीही जोडाची खात्री देता येत नाही.

वर झाकण असलं म्हणजे झालं ना?

कित्येक सूटमध्ये मुख्य चेनवर कापडाची पट्टी आणि साधी चेन असते. ती बक्कल, वाळू आणि उन्हापासून वाचवते, म्हणून तिरक्या चेनला ती असलेली बरी. पण घडीपासून कुठलंच झाकण वाचवत नाही. उलट झाकणाखाली मीठ साचतं आणि दिसत नाही. दर वेळी झाकण उघडून गोड्या पाण्याने धुवा, दातांमधली वाळू मऊ टूथब्रशने काढा.

चेन लावताना हात कुठे हवेत

पाठीची चेन लावून घेताना घालणाऱ्याने सरळ उभं राहावं, हात सैल, खांदे किंचित मागे. असं केलं की चेनच्या दोन कडा आपोआप जवळ येतात. लावणाऱ्याने एका हाताने चेनची सुरुवातीची बाजू घट्ट धरावी, दुसऱ्या हाताने रनर. आतल्या पोशाखाची घडी आणि मानेजवळचे केस आधी बोटाने आत सारावेत. रनर चेनच्या रेषेतच ओढायचा, ना वर ना खाली ना स्वतःकडे. दहा-पंधरा सेंटिमीटर झाले की थांबून पुढच्या दोन्ही कडा बोटांनी जवळ आणायच्या, मग परत ओढायचं. कडा जवळ आणण्याचं काम बोटांचं, रनरचं नव्हे.

अडकलं तर जोर लावू नका. रनर दोन बोटं मागे न्या, काय अडकलंय ते काढा, मग पुन्हा.

सगळ्यात जास्त फजिती शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला होते. रनर टोकाला टेकल्यासारखा वाटतो पण खोबणीत बसलेला नसतो. तेवढ्या जागेतून पोशाख कमरेपर्यंत ओला होतो आणि माणूस सीलला दोष देत बसतो. शेवटी एक ठाम, सरळ ओढ द्या आणि टोकाशी बोट फिरवून पाहा.

तिरकी चेन स्वतः लावताना ताठ उभं राहून पोट आत घ्यावं. बसून लावायला गेलं तर पोटावरच्या घडीतून रनर न्यावा लागतो, आणि नेमक्या त्याच दातांवर दुहेरी ओझं येतं.

घडी, हँगर आणि विमानातली बॅग

जागेचा फरक खरा दिसतो तो सूट ठेवताना. सूट जमिनीवर पसरून पायांकडून मानेकडे चटईसारखा गुंडाळा. गुंडाळी डावी-उजवीकडे लांब होते. पाठीची चेनही डावीकडून उजवीकडेच जाते, म्हणून ती गुंडाळीच्या लांबीत सरळ पडून राहते, वाकतच नाही. तिरक्या चेनचं तसं होत नाही. ती गुंडाळीला आडवी-तिरकी छेदते आणि तिच्याभोवती वेढा घेते. म्हणून तिरक्या चेनच्या सूटचे फक्त पाय कमरेपर्यंत गुंडाळावेत, धड सपाट ठेवावं आणि बाह्या वर घ्याव्यात. पूर्ण गुंडाळायचाच असेल तर मध्ये टॉवेलची जाड वळकटी घालून गोलाई मोठ्या डब्याएवढी ठेवा.

विमानाच्या बॅगेत मीटरभर चेन सरळ मावत नाही. ती बॅगेच्या आतल्या कडेने मोठ्या वळणात फिरवा, मधली जागा मऊ कपड्यांनी भरा, आणि वर सिलिंडरचा रेग्युलेटर (श्वास घ्यायचं उपकरण) किंवा बूट यांचं वजन येऊ देऊ नका.

चेन उघडी ठेवायची की मिटलेली, याबाबत कंपन्यांच्या सूचना वेगवेगळ्या असतात. आपल्या सूटच्या पुस्तिकेत असेल ते पाळा. अर्धवट मिटलेल्या चेनवर मात्र घडी कधीच घालू नका. रनर कडक असतो, त्यामुळे सगळा वाक त्याच्या लगतच्या दोन दातांवर येतो.

ओला, जड सूट पातळ हँगरवर खांद्यांनी टांगला तर पाठीच्या चेनची दोन्ही टोकं खाली लोंबतात आणि हँगरच्या कडेवर चेन मोडते. बुटांनी उलटा टांगावा. पाणी मानेतून निथळतं आणि चेनवर वजन येत नाही.

गळतंय कुठून, हे घरी पाहायचं असेल तर

चेन पूर्ण मिटवा. मनगटाच्या सीलमध्ये प्लास्टिकच्या बाटल्या आणि मानेत फुटबॉल बसवा. दंडाची झडप बंद करा आणि छातीच्या झडपेतून हळूहळू हवा भरा. सूट उशीएवढा टणक झाला की थांबा, जास्त फुगवला तर सीलच जातील. भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून चेनवर फवारा. आधी दोन्ही टोकं बघा, मग आपल्या सूटची वाकणारी जागा: पाठचेनला पट्ट्यांखालच्या दोन जागा, छातीचेनला पोट आणि कमर. बुडबुडे आले तिथे खडूने खूण करा. बुडबुडे ओठांमधून येत असतील तर चेन गेली. पट्टी आणि कापडाच्या जोडातून येत असतील तर बहुधा फक्त जोड पुन्हा चिकटवून भागतं, आणि तो खर्च बराच कमी असतो. दुरुस्तीला देताना हा फरक सांगितला तर नवी चेन उगाच गळ्यात पडत नाही.

मग घ्यायची कोणती?

नेहमी जोडीदारासोबत डायव्हिंग करणाऱ्याने, काटकपणा महत्त्वाचा असेल आणि खांदे मोकळे फिरत असतील तर पाठीची धातूची चेन घ्यावी. वाक कमी आणि ठेवणं सोपं, त्यामुळे ती दीर्घकाळ टिकते. एकट्याने तयार व्हायचं असेल, खांदा आखडलेला असेल किंवा चेन लावणारा हात दर वेळी नवा असेल, तर समोरची तिरकी प्लास्टिकची चेन, वर झाकणासह. तिची जागा जास्त वाकणारी असली तरी तिची काळजी तुमच्याच हातात राहते. अनोळखी माणसाने तिरपी ओढलेल्या पाठचेनपेक्षा स्वतः नीट लावलेली छातीची चेन जास्त टिकते, असं माझं ठाम मत आहे.

मापाकडे दुर्लक्ष करू नका. आतला जाड पोशाख घालूनच सूट चढवून पाहा. उकिडवे बसा, स्वतःला मिठी मारा, दोन्ही हात डोक्यावर न्या. तिन्ही वेळा चेनवर कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगा. ती कुठे उचलली जाते, कुठे ताणली जाते, कुठे मोडते, ते त्या एका मिनिटात दिसतं. वापरलेला सूट घेत असाल तर त्याच जागा चेन उघडून, अंगठ्याने ओठ किंचित फाकवून, उजेडात पाहा. रबरात आडव्या चिरा दिसल्या तर किमतीतून नव्या चेनचे पैसे वजा करूनच बोला.